या, बसा, जागा आहे

(नाताळच्या आठवड्यात आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नाताळ आला की आमच्या नगरमध्ये एक वेगळीच गर्दी दिसते. कागदोपत्री २०२४पासून आमचं शहर अहिल्यानगर झालं आहे, पण एस.टी.त बसलेला माणूस कंडक्टरकडे तिकीट मागताना अजूनही 'एक नगर' असंच म्हणतो, म्हणून मीही सवयीनं नगर म्हणतो. तर ही गर्दी असते चर्चच्या फाटकाबाहेर. ती ख्रिस्ती लोकांची नसते. ते आत असतात. बाहेर असतात आपल्यासारखे लोक. कुणी लेकराला खांद्यावर घेऊन चांदणी दाखवतो, कुणी गव्हाणीचा देखावा बघायला आलेला असतो, कुणाच्या हातात मेणबत्ती असते. ही मंडळी पायऱ्यांपर्यंत येतात आणि थबकतात. नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे. दोघांच्या मनात एकच प्रश्न असतो, 'आत गेलं तर चालेल का?'

आज मी या पायरीवरच्या माणसाबद्दल बोलणार आहे, कारण त्या पायरीवर मीही उभा राहिलेला आहे.

मी काही धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि कविता लिहितो. मुसलमान आहे, पाच वेळा नाही तरी जमेल तशी नमाज पढतो. घरात आम्ही दखनी बोलतो. मराठी मला शाळेनं दिली, आणि शाळेइतकीच आमच्या गल्लीतल्या एका माणसानं दिली. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, मीही आज मास्तर एवढंच म्हणेन. प्राथमिक शाळेत शिक्षक, धर्मानं ख्रिस्ती. त्यांची बायकोही शिक्षिका. त्यांना आम्ही बाई म्हणत असू.

माझी पहिली कविता मास्तरांनी वाचली तेव्हा त्यात अकरा चुका होत्या. बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या, आणि 'ल'च्या जागी 'ळ', 'ळ'च्या जागी 'ल' अशा. त्यांनी लाल पेन काढलं नाही. शिसपेन्सिलीनं हलकेच खुणा केल्या आणि म्हणाले, "पुसता येतात. कविता तुझी आहे." अभंगाची अक्षरं बोटांवर कशी मोजायची हे मला मास्तरांनी दाखवलं, आणि दाखवताना उदाहरणं घेतली ती 'उपासना संगीत'मधली. 'उपासना संगीत' म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांचं गाण्यांचं पुस्तक. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं आहेत. देशावर तुकोबांचा अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटतच नाहीत. पेटी, तबला आणि झांज यांच्या साथीवर ती म्हटली जातात. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनही आपलंसं केलं होतं. मास्तरांच्या ओट्यावर बसून ही गाणी मी किती वेळा ऐकली असतील! पण त्यांच्या चर्चमध्ये मात्र मी कधी गेलो नव्हतो. चाळिशी उलटेपर्यंत नाही. रोज त्या दगडी भिंतीवरून सायकलनं जायचो, रविवारी घंटा ऐकायचो. कुणी मना केलं नव्हतं आणि कुणी या म्हटलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक दारांच्या बाबतीत असंच असतं.

मग बाई गेल्या.

त्या सकाळी मी चर्चच्या पायरीशी आलो आणि माझी पंचाईत सुरू झाली. पहिली पंचाईत चपलांची. मी सवयीनं चपला काढल्या, एक बाजूला ठेवली, दुसरी ठेवणार तोच लक्षात आलं की सगळे लोक बूट-चपला घालूनच आत चाललेत. पुन्हा घातल्या. दुसरी पंचाईत टोपीची. मयतीला जायचं म्हणून मी घरून टोपी घालून निघालो होतो. इथे पुरुष उघड्या डोक्यानं होते. बायकांनी मात्र डोक्यावर पदर घेतले होते, अगदी आमच्या अम्मीसारखे. टोपी काढावी तर मयतीचा अदब जातो असं वाटे, ठेवावी तर सगळ्यांचं लक्ष जाईल. तिसरी पंचाईत जागेची. बाकं भरत चालली होती. कुठलं बाक घरच्यांचं, कुठलं बायकांचं, काही कळेना. मी खांबाच्या आडोशाला उभा राहिलो आणि ठरवलं की इथूनच दुवा करावी आणि निघावं.

पुढे वेदीजवळ शवपेटी होती. पहिल्या बाकावर मास्तर बसले होते, शेजारी मुलं. अजून विधी सुरू झाला नव्हता. कोण आलं, कोण नाही, हे बघायला म्हणून असेल, मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मी दिसलो. आणि ज्याची बायको समोर पेटीत आहे तो माणूस उठला, मधल्या वाटेनं सावकाश चालत दारापर्यंत आला, माझ्या दंडाला धरून म्हणाला, "उभा का? ये, बस, जागा आहे."

त्यांनी मला तिसऱ्या बाकावर बसवलं. माझा हात टोपीकडे गेला तर म्हणाले, "राहू दे." शेजारच्या एका बाईंना त्यांनी नुसतं बघून काहीतरी सांगितलं आणि परत आपल्या जागी गेले. त्या बाईंनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं, गाण्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. लोक उभे राहिले की त्या हळूच हाताची खूण करायच्या, मी उभा राहायचो. लोक बसले की मी बसायचो. तासाभरात त्यांनी मला माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "सलाम."

श्रोतेहो, आमच्या भागातले ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटल्यावर 'सलाम' म्हणतात हे ठाऊक नसलेल्याला नवल वाटेल. मला ते ठाऊक होतं, तरी त्या दिवशी तो शब्द कानावर पडला आणि डोळ्यांत पाणी आलं. सलाम म्हणजे शांती. आम्हीही तीच मागतो, तेही तीच मागतात.

त्यानंतर अधूनमधून मी तिथे जाऊ लागलो. नाताळला, कधी उपकाराच्या सणाला, कधी नुसतंच गाणी ऐकायला. मास्तर आता दर रविवारी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. बाईंची जागा रिकामी दिसते म्हणून ते मागे आले असतील असं मला आधी वाटलं. नंतर कळलं की त्यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. दारात नवा माणूस दिसला की त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, त्याला बसवायचे. एवढंच.

एका रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचे बारीक तुकडे आणि चिमुकल्या पेल्यांचं तबक बाकाबाकावरून फिरू लागलं. मी मनात घाबरलो. त्या पेल्यांत काय आहे? आणि नको म्हटलं तर यांच्या पवित्र वस्तूचा अपमान होईल का? तबक माझ्यापर्यंत येण्याच्या आधीच मास्तर कानाशी लागले, "द्राक्षाचा रस आहे. पण हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं. तू नुसता बसून राहा, काही चुकत नाही." त्यांच्या त्या 'काही चुकत नाही'नं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तसंच दानाच्या थैलीचं. ती माझ्यापुढे आली की मास्तर ती अशा सहजपणे पुढे सरकवायचे की मी काही टाकलं काय आणि नाही टाकलं काय, कुणाच्या लक्षातच येऊ नये.

आता याच्या उलट अनुभव सांगतो. गाव सांगत नाही, चर्चही सांगत नाही. कविसंमेलनासाठी एका मोठ्या शहरात गेलो होतो. रविवार होता, मुक्कामाच्या ठिकाणाजवळून गाण्याचे सूर आले, म्हणून आत गेलो. दारातच एका तरुणानं हसून हात मिळवला, बरं वाटलं. मध्येच व्यासपीठावरून सूचना झाली, जे आज पहिल्यांदा आलेत त्यांनी कृपया उभं राहावं. मी खाली मान घालून बसलो. दारातल्या त्या तरुणानं माझ्याकडे बोट केलं. उभा राहिलो. माझ्या हातात ध्वनिक्षेपक दिला, नाव सांगा म्हणाले. मी नाव सांगितलं. श्रोतेहो, माझं नाव ऐकल्याबरोबर धर्म कळतो. क्षणभर सगळं चर्च गप्प झालं, मग टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्या जरा जास्तच जोरात होत्या. गुलाबाचं फूल मिळालं. बाहेर पडताना एका कागदावर पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला. पुढचे दोन महिने मला दर शनिवारी फोन येत होता. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी गाणी ऐकायला आलेला एक माणूस होतो. त्यांनी मला बातमी करून टाकलं. पुन्हा त्या शहरात गेलो तेव्हा तो रस्ता टाळला.

मास्तर जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यानंतरच्या नाताळाआधी आमच्या इथले पाळकसाहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तरांची जागा रिकामी आहे. तरुण संघाची मुलं दारात उभी राहणार आहेत. पहिल्यांदा आलेल्या माणसाशी कसं वागावं, हे तुम्ही त्यांना सांगा."

मी म्हटलं, "साहेब, मी? मी तर बाहेरचा."

ते म्हणाले, "म्हणूनच. आम्ही जन्मापासून आतले. दारात उभं राहिल्यावर काय वाटतं, हे आम्हाला कुठं ठाऊक आहे?"

मग एका संध्याकाळी वीस-पंचवीस मुलं-मुली जमली आणि मी त्यांना मास्तरांचाच धडा दिला. म्हटलं, दारात आलेल्या माणसाला चार बारीकसारीक गोष्टींची भीती असते. चपला कुठे, डोक्यावर काय, बसायचं कुठे, आणि उभं कधी राहायचं. धर्माचे मोठाले प्रश्न त्याच्या मनात त्या घडीला नसतात. या चार गोष्टी त्यानं विचारायच्या आधी सांगा, अर्धं स्वागत झालं. त्याला अगदी पुढे नेऊन बसवू नका, त्याच्या पाठीवर सगळ्या गावाचे डोळे येतात. मागे, कडेला, दार दिसेल असं बसवा. शेजारी कुणीतरी असं बसा की ज्याला पुस्तक उघडून देता येईल. प्रभुभोजन असेल तर आधीच सांगा. थैली येईल तेव्हा त्याला सांभाळून घ्या. नाव त्यानं सांगितलं तर ऐका आणि लक्षात ठेवा. नाही सांगितलं तर विचारू नका. बाहेर चहा असेल तर चहा द्या. पुढच्या वेळी आला तर आनंद दाखवा, नाही आला तर शोधत जाऊ नका.

एक मुलगा मागून म्हणाला, "चाचा, हे सगळं खरं. पण आजचे दिवस वेगळे आहेत. दारात अनोळखी माणूस आला की आमच्या घरचेच विचारतात, हा कोण, कशाला आला, मोबाइलवर काही चित्रण तर करणार नाही ना? आम्ही आपुलकीनं वागलो तर लोक म्हणणार, हे ओढतात. आणि लांब राहिलो तर म्हणणार, शिष्ट आहेत. करायचं काय?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मला तो चांगला कळतो. असाच संशय दुसऱ्या तऱ्हेनं माझ्याही वाट्याला येतो.

मी त्याला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दिली. त्या काळात टिळकांचं बिऱ्हाड आमच्याच नगरला आणि राहुरीला होतं. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, मुंबईत. त्यावरून घरात किती मोठी वादळं उठली हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये काहीही न झाकता लिहिलं आहे. स्वतः लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या पाच वर्षांतला बराच काळ दोघांची ताटातूट झाली, पुढे एकत्र आले तरी त्या आपलं सोवळं सांभाळत राहिल्या. नवऱ्याचा धर्म नवऱ्याकडे, आपला आपल्याकडे. शेवटी जे ठरवलं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. त्यांचा निर्णय कुणाला पटो न पटो, पण त्या कुणाच्या हाताला धरून ओढल्या गेल्या असं 'स्मृतिचित्रे' वाचणारा कुणीही म्हणणार नाही. आणि टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. मी त्या मुलाला म्हटलं, बाबा, दारातून आत येणं वेगळं आणि घर बदलणं वेगळं. दारात उभं राहणाऱ्याचं काम पहिल्या गोष्टीपुरतं आहे. दुसरी गोष्ट तो माणूस आणि त्याचा परमेश्वर बघून घेतील. आलेल्याकडून तुला काही नको आहे, हे त्याला तुझ्या वागण्यातून दिसलं की तुझ्यावरचा आळही टिकत नाही आणि त्याची भीतीही टिकत नाही.

मुलांना पटलं असावं. मी मनात जरा खूश झालो. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "चाचा, एक विचारू? तुमच्या मशिदीत आमच्यातलं कुणी पहिल्यांदा आलं तर काय होतं?"

श्रोतेहो, मी गप्प झालो. तिनं साधा प्रश्न विचारला होता. पण मला एक दुपार आठवली, आणि ती आठवण मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

बाईंच्या आधी काही वर्षं माझे अब्बा गेले. एप्रिल महिना होता. जोहरच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात जनाज्याची नमाज झाली, मग आम्ही खांदा देत कब्रस्तानकडे निघालो. फाटकातून बाहेर पडताना मला मास्तर दिसले. रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या फळीशी उभे. डोक्याला रुमाल बांधलेला, सदरा घामानं भिजलेला. त्यांनी पुढे होऊन जनाज्याला खांदा दिला, कब्रस्तानपर्यंत आले, मूठभर माती घातली आणि मला पोटाशी धरून घरी गेले. नंतर कुणीतरी सांगितलं, ते एक तास आधीच आले होते. फाटकाशी दोनदा आले आणि दोनदा मागे गेले. आमच्या कमीत कमी शंभर माणसांनी त्यांना पाहिलं असेल. आत सावली होती, हौदाला पाणी होतं, ओसरीत चटया होत्या. कुणी म्हटलं नाही, मास्तर, या, बसा. कुणी मनाही केलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरा कुणीतरी म्हणेल.

त्यांनी मला याबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलून दाखवला नाही. पण बाईंच्या मयतीला मला खांबाआड उभं पाहून ते पहिल्या बाकावरून उठून का आले, ते मला त्या मुलीच्या प्रश्नानंतर कळलं. बाहेर उभं राहणं काय असतं, हे त्यांना माझ्या दारात कळलं होतं.

मी हे सगळं त्या मुलांना सांगितलं. सांगताना आवाज नीट राहिला नाही.

मला जास्त लाज कशाची वाटली सांगू? आमच्याकडे याचे दाखले नाहीत असं नाही. पैगंबरसाहेबांच्या चरित्राच्या जुन्या ग्रंथांत दोन प्रसंग आहेत. मक्केत छळ सोसवेना तेव्हा सुमारे ६१५ साली काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. मक्केचे सरदार त्यांना परत मागायला आले. राजानं आधी आलेल्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. त्यांच्यातल्या जाफर यांनी त्याला कुरआनातल्या सूरए मरियममधला, बीबी मरियम आणि हजरत ईसा यांच्याबद्दलचा भाग ऐकवला. राजाचे डोळे भरून आले आणि त्यानं त्या लोकांना परत देण्याचं नाकारलं. म्हणजे आम्ही परक्या दारात पहिल्यांदा उभे राहिलो तेव्हा ते दार एका ख्रिस्ती माणसानं उघडलं होतं. दुसरा प्रसंग मदिनेचा. नजरानहून ख्रिस्ती लोकांचं एक शिष्टमंडळ पैगंबरसाहेबांना भेटायला मशिदीत आलं. बोलता बोलता त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. काहींना वाटलं, यांना अडवावं. पैगंबरसाहेब म्हणाले, करू द्या. आणि त्यांनी पूर्वेकडे तोंड करून, आपल्या पद्धतीनं, त्या मशिदीत प्रार्थना केली. चर्चा झाली, मतभेद मिटले नाहीत, आणि ते आपल्या धर्मासह आपल्या गावी परत गेले.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि तरी माझ्या बापाच्या मयतीला आलेला माझा गुरू तासभर उन्हात उभा होता. पुस्तकातलं दार आपोआप उघडत नाही. ते उघडायला दाराजवळ एक माणूस बसावा लागतो.

त्या संध्याकाळनंतर मी आमच्या मशिदीच्या कमिटीत एक साधी गोष्ट मांडली. मयत असेल त्या दिवशी ओसरीत दहा खुर्च्या ठेवायच्या, आणि फाटकाशी आपल्यातला एकजण उभा राहील. दुसऱ्या धर्माचा माणूस आला की त्याला म्हणायचं, या, इथे चपला काढा, सावलीत बसा, नमाज होईपर्यंत पंधरा मिनिटं लागतील, तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. सगळ्यांना ते आवडलं असं नाही. एक बुजुर्ग म्हणाले, आजपर्यंत असं कधी केलं नाही. खरं आहे. आणखी एकानं विचारलं, खुर्च्यांचं भाडं कोण देणार? ते मात्र लगेच सुटलं. शेजारच्या मंडपवाल्यानं पैसे घेतलेच नाहीत. तो मराठा आहे. म्हणाला, "दहा वर्षांपूर्वी तुमच्या एका मयतीला मी पण बाहेरच उभा होतो."

आता फाटकाशी बहुतेक वेळा मीच उभा असतो. पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, धोतर-टोपीतले, खेड्यावरचे. त्यांनी चपला काढल्या, मग टोपीला हात घातला, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "राहू द्या, आबा." त्यांनी टोपी ठेवली. आत येऊन बसले. मास्तरांचा शब्द माझ्या तोंडून निघाला होता.

मी कविता मराठीत लिहितो. लोक कधी कधी कौतुकानं विचारतात, मुसलमान असून मराठीत कसे? मला तो प्रश्न जरा लागतो, पण उत्तर मजेशीर आहे. या भाषेत पाहुण्यांना फार जुनी जागा आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून आले, गोव्यात राहिले, आणि १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, ते मराठी ओवीत. आमच्या नगर जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद झाले, 'योगसंग्राम' लिहिणारे. मराठीनं त्यांना उभं करून नाव विचारलं नाही. जागा दिली आणि बसवलं. ख्रिस्ती लोक चर्चमधल्या आपल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. किती घरचा शब्द आहे! आपण 'घरची मंडळी' म्हणतो, 'पंगतीला मंडळी बसली' म्हणतो. या शब्दात एखादं पान जास्त वाढायची सोय आहे.

तर श्रोतेहो, या नाताळला तुम्ही पायरीवर थबकलात तर एक पाऊल पुढे टाका. आत कुणीतरी पोरगं किंवा पोरगी तुम्हाला जागा दाखवील. गाणी ऐका, मेणबत्ती लावा, आणि जसे आलात तसे घरी जा. आणि तुम्ही जर आतले असाल, मग ते घर चर्च असो, मशीद असो, देऊळ असो की विहार, तर एकदा मागे वळून दाराकडे बघा. खांबाच्या आड कुणी उभं आहे का? असेल, तर 'दुसरा कुणीतरी म्हणेल' असं म्हणू नका. तुम्ही कितीही पुढच्या बाकावर असा, उठा.

मास्तरांच्या चर्चमध्ये आता शेवटच्या बाकावर ती मुलगी बसते, जिनं मला तो प्रश्न विचारला होता. परवा मी गेलो तर तिनं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. मी तिथला आता काही नवा नाही, पान मला माहीत असतं. तरी मी तिला ते शोधू दिलं.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. सलाम.